दाखल कीं दप्तरदाखल?

मागल्या पावसाळ्यांतली गोष्ट. शाळा सुटल्यावर आमच्या गांवचे एक कुंभारबाबा हातांत एक कागद घेऊन माझ्याकडे आले. त्यांचा मुलगा तालुक्याच्या ठिकाणीं एका कारखान्याच्या भांडारांत कामाला होता. मुलगा शिकलेला, हिशेबाला चोख. परंतु वरच्या साहेबाला त्याची जात कळली त्या दिवसापासून, "चाक फिरवायचें सोडून हा वह्या फिरवायला आला," असें चार माणसांदेखत बोलणें सुरू झालें. बढतीची पाळी आली तेव्हां मागून आलेला मनुष्य पुढें गेला. मुलानें एका सरकारी कचेरीकडे तक्रार केली. ती लिहायला मीच बसलों होतों. तारखा घातल्या, साक्षीदारांचीं नांवें घातलीं, पोंच घेतली. आठ महिन्यांनीं उत्तर आलें तें एवढेंच कीं, अर्जदाराशीं समक्ष चर्चा झाली असून त्याची कांहीं तक्रार उरलेली नाहीं, सबब अर्ज दप्तरीं दाखल करण्यांत येत आहे.

मुलाशीं कोणी चकार शब्द बोललें नव्हतें. तोंवर त्यानें ती नोकरीहि सोडली होती. म्हातारा ओट्यावर बसला आणि म्हणाला, "गुरुजी, फिर्याद आपली. मग आपल्याला न विचारतां ती मागें घेतली कोणी?"

मला उत्तर देतां आलें नाहीं. आपल्या मराठींत 'दाखल' हा शब्द मोठा लबाड आहे. फिर्याद दाखल झाली म्हणजे तिला जीव आला, आणि तीच दप्तरीं दाखल झाली म्हणजे तिचा जीव गेला. एवढा एक शब्द पुढें लागला कीं जित्या माणसाचें गाऱ्हाणें फडक्यांत बांधलें जाऊन फळीवर जाऊन पडतें.

हा प्रश्न आपल्याच तालुक्यांत पडतो असें मात्र समजूं नका. सात समुद्रांपलीकडे, अमेरिकेंत, आणि तोहि जातिभेदाच्याच एका फिर्यादीवरून, हाच प्रश्न उभा राहिला. ती हकीकत शेतकरी व कारागीर बांधवांना ठाऊक असावी म्हणून हा लेख लिहीत आहें. आज आपल्या किती घरांतलीं मुलें पुण्या-मुंबईला, आणि त्याहूनहि दूर नोकरीला गेलीं आहेत!

अमेरिकेचें आणि आपल्या चळवळीचें नातें जुनें आहे. जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' हें पुस्तक काढलें तें अमेरिकेंतल्या ज्या सज्जनांनीं काळ्या लोकांची गुलामी मोडण्यासाठीं कष्ट घेतले त्यांना अर्पण केलें. गुलामी मोडली तरी कामावरचा पंक्तिभेद राहिलाच. काळ्यांनीं झाडावें, गोऱ्यांनीं यंत्र चालवावें, हा तिकडचा वर्णाश्रम. त्याविरुद्ध काळ्या लोकांनीं मोर्चे काढले, तुरुंग भोगले, जीव दिले, तेव्हां १९६४ सालीं नागरी हक्कांचा कायदा झाला. त्या कायद्याच्या सातव्या भागानें असें ठरविलें कीं वंश, रंग, धर्म, स्त्री-पुरुषपणा किंवा मूळ देश पाहून कोणाला कामावर घेणें, काढणें, कमी पगार देणें बेकायदा आहे. तो अमलांत आणण्यासाठीं १९६५ सालीं समान रोजगार संधी आयोग उभा राहिला. पांच सभासदांच्या ह्या आयोगांत एकाच पक्षाचे तिघांहून अधिक नसावेत असा दंडक आहे.

ह्या आयोगाची रीत समजून घेण्यासारखी आहे. ज्या धन्याकडे पंधरा किंवा अधिक माणसें कामाला आहेत त्याच्याविरुद्ध कामगारानें १८० दिवसांच्या आंत फिर्याद द्यावी. जेथें राज्याचेंहि असेंच खातें असेल तेथें ही मुदत ३०० दिवसांपर्यंत जाते. मग आयोग धन्याला कळवितो, चौकशी करतो, जमल्यास समेट घडवितो. न जमल्यास खाजगी धन्यावर आयोग स्वतः कोर्टांत दावा लावूं शकतो. हा अधिकार त्याला १९७२ सालीं मिळाला. तोंवर तो बिनदातांचा वाघ होता. आयोगानें दावा न लावल्यास कामगाराला तसें पत्र मिळतें आणि नव्वद दिवसांत त्याला स्वतः कोर्टांत जातां येतें.

यांतल्या दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटल्या. पहिली अशी कीं, कामगार भीत असेल तर आयोगाचा एखादा सभासद स्वतःच्या सहीनें फिर्याद दाखल करूं शकतो. ज्याची चूल पाटलाच्या वाड्यावर पेटते त्यानें पाटलाविरुद्ध तोंड उघडावें कसें, हें तिकडच्या कायदा करणारांनीं ओळखलें होतें. दुसरी गोष्ट अशी कीं, कामगारानें दिलेली फिर्याद मागें घेण्याचा अधिकार फक्त त्या कामगारालाच आहे, आणि तोहि आयोगाच्या संमतीवांचून नाहीं. म्हणजे धनी एके रात्रीं घरीं आला, बायकामुलांकडे बोट दाखवून "कागद मागें घे" म्हणाला, आणि सकाळीं कामगारानें सही केली, तरी आयोगाला विचारावें लागतें कीं बाबा, हें तूं राजीखुशीनें करतोस ना? दुबळ्याच्या हातून त्याचेंच हत्यार हिसकावून घेतां येऊं नये म्हणून घातलेली ही खीळ आहे. आमच्या कुंभाराच्या मुलासाठीं अशी खीळ असती तर?

पण खीळ एका चाकाला आहे, दुसऱ्याला नाहीं. कामगाराला मागें फिरायचें झाल्यास अधिकाऱ्याची संमति लागते. अधिकाऱ्याला आपला दावा सोडायचा झाल्यास कामगाराची संमति लागते काय? लागत नाहीं. येथेंच सारी मेख आहे.

कॅलिफोर्निया राज्यांत घडलेली हकीकत आतां सांगतों. तेथें रोजगारांतील भेदभावाची दाद घेणारें राज्याचें खातें आहे; २०२२ पासून त्याचें नांव नागरी हक्क खातें असें आहे. ह्या खात्यानें ३० जून २०२० रोजीं सिस्को नांवाच्या बड्या कंपनीवर आणि तिच्या दोन भारतीय वंशाच्या अधिकाऱ्यांवर मध्यवर्ती सरकारच्या कोर्टांत दावा लावला. संगणक एकमेकांना जोडणारीं यंत्रें ही कंपनी बनविते. खात्याचें म्हणणें असें होतें कीं, तेथील एक इंजिनियर दलित समाजांतला. तो राखीव जागेवर आय.आय.टी.त शिकला ही गोष्ट वरिष्ठानें सहकाऱ्यांत सांगितली. त्यानें तक्रार करतांच त्याचें काम काढून घेऊन त्याला एकटें पाडलें. आणि कंपनीनें चौकशी केली तरी त्याला दाद मिळाली नाहीं. दोन्ही अधिकारी ब्राह्मण जातीचे असल्याचें खात्यानें फिर्यादींत लिहिलें. कंपनीनें आणि त्या दोघांनींहि सारे आरोप नाकारले.

हें वाचतांना मला १९१७ साल आठवलें. डॉ. आंबेडकर अमेरिकेंत उच्च विद्या घेऊन आले आणि बडोदें सरकारच्या नोकरीवर रुजू झाले, तर त्या शहरांत त्यांना राहायला खोली मिळेना. तेव्हां फिर्याद नोंदवायला कचेरीच नव्हती. अमेरिकेंतून परतलेल्या विद्वानाला जात बडोद्यांत गांठते, आणि शंभर वर्षांनीं येथून अमेरिकेला गेलेला इंजिनियर म्हणतो कीं जात माझ्या मागोमाग विमानांतून आली. फरक एवढाच कीं आतां नोंदवून घेणारी कचेरी होती. म्हणून येथल्या लाखों लोकांचे डोळे त्या दाव्याकडे लागले.

पुढें काय झालें पाहा. ऑक्टोबर २०२० मध्यें, म्हणजे चार महिने होतात न होतात तोंच, खात्यानें तो दावा मध्यवर्ती कोर्टांतून काढून घेतला आणि सांता क्लारा परगण्याच्या राज्य कोर्टांत नव्यानें लावला. त्या कायद्यांत 'जात' हा शब्द कोठेंच नाहीं. जात ही धर्म, वंश, पूर्वज ह्या शब्दांच्या पोटांत येते कीं नाहीं, हाच वादाचा मुद्दा होता. कोर्ट बदलणें हा वकिली डावपेंच झाला. त्याला मी दोष देत नाहीं. पण आपल्यासारख्या अडाणी माणसाला 'काढून घेतला' एवढेंच ऐकूं येतें आणि छातींत धस्स होतें.

मग कंपनी म्हणाली, ह्या इंजिनियरनें नोकरी धरतांना सही करून दिली आहे कीं तंटा झाला तर तो लवादापुढें जाईल, कोर्टांत नाहीं. ऑगस्ट २०२२ मध्यें वरच्या कोर्टानें निकाल दिला कीं सही इंजिनियरची आहे, खात्याची नाहीं. खातें लोकांच्या वतीनें स्वतंत्र वादी आहे, त्याला लवादाकडे ढकलतां येणार नाहीं. निकाल चांगला. नोकरीच्या कागदावर कशाकशावर सह्या घेतात हें नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्या सहीनें सरकारचे हात बांधले जात नाहींत हें गरिबाच्या हिताचेंच झालें. परंतु हें हत्यार दुधारी आहे. खातें स्वतंत्र वादी असल्यामुळें कामगाराच्या सहीनें तें अडत नाहीं, आणि म्हणूनच कामगाराच्या सहीवांचून दावा सोडूनहि देऊं शकतें. कायदा कामगाराला आपला वकील देऊन दाव्यांत सामील होण्याचा हक्क देतो, हें खरें. पण हक्क कागदावर असतो आणि वकिलाची फी खिशांतून द्यावी लागते.

त्याच सुमारास आणखी एका मुद्द्यावर झगडा झाला. इंजिनियरचें नांव गुप्त राहावें अशी खात्याची मागणी होती. तिकडे अशा गुप्त फिर्यादीला 'जॉन डो' म्हणतात. आपल्याकडे 'अमुक तमुक' म्हणावें तसें. नांव फुटलें तर इकडे भारतांत त्याच्या नातेवाइकांना त्रास होईल, अशी भीति होती. खालच्या कोर्टानें ही विनंती नाकारली. वरच्या कोर्टानें ऑगस्ट २०२२ मध्येंच सांगितलें कीं, राज्याबाहेर राहणाऱ्या नातेवाइकांना होऊं शकणारा धोकाहि ध्यानांत घेतला पाहिजे. वाचकहो, ह्याचा अर्थ काय? कॅलिफोर्नियांतल्या कचेरींतला कागद हलला तर आपल्या खेड्यांतलें एक घर हलतें, हें परदेशी न्यायाधीशांनीं मान्य केलें. फिर्याद देणारा मनुष्य एकटा नसतो. त्याच्यामागें आई असते, बहिणीचें लग्न असतें, गांवची विहीर असते. तो पणाला काय लावतो हें कळल्यावर मग विचारा कीं ती फिर्याद सोडतांना त्याला विचारायला नको काय.

एप्रिल २०२३ मध्यें खात्यानें त्या दोन अधिकाऱ्यांवरचा दावा आपण होऊन काढून घेतला. कंपनीवरचा तेवढा पुढें चालवूं म्हणून सांगितलें. जवळजवळ तीन वर्षें ते दोघे आरोपी होते. साक्षी-पुरावे होऊन कोणी न्यायाधीश म्हणाला नाहीं कीं ते दोषी, आणि कोणी म्हणाला नाहीं कीं ते निर्दोष.

आमच्यांतले कांहीं उतावळे लगेच म्हणाले, पैसेवाल्यांपुढें खातें नमलें. दुसऱ्या बाजूचे उतावळे म्हणाले, बघा, फिर्याद खोटीच होती, तिकडे जातिभेद नाहींच. दोघेहि चुकले. फिर्याद दाखल झाली म्हणून ती खरी होत नाहीं, आणि काढून घेतली म्हणून ती खोटी होत नाहीं. जोतीरावांनीं समाजाला नांव दिलें तें सत्यशोधक, पक्षशोधक नव्हे. सत्य शोधायचें तर साक्ष झाली पाहिजे, उलटतपासणी झाली पाहिजे, कारणांसह निकाल झाला पाहिजे. येथें ह्यांतलें कांहींच झालें नाहीं.

आणि एक कडू गोष्ट बोलतों. आमच्या पत्राच्या वाचकांना ब्राह्मण अधिकाऱ्यांची कणव येणें कठीण आहे, हें मी जाणतों. तरीहि विचार करा. आमच्या पिढ्यांनीं सोसलें तें काय? मनुष्य काय करतो हें न पाहतां तो कोणाच्या पोटीं आला हें पाहून त्याला शिक्षा. मग कोणी ब्राह्मणाच्या घरीं जन्मला एवढ्यावरून त्याचा गुन्हा शाबीत झाला असें आपण मानलें, तर आपण मनूचेंच गणित उलट बाजूनें सोडविलें. त्या दोघांवर दोष असेल तर पुरावा मांडून तो सिद्ध व्हावा. नसेल तर तसें उघड सांगितलें जावें. सरकारनें माणसाच्या कपाळावर चिठ्ठी डकवावी, तीन वर्षांनीं गुपचूप काढून घ्यावी आणि डिंकाचा डाग तसाच ठेवावा, ही रीत फिर्यादीलाहि घातक आणि आरोपीलाहि घातक. फिर्यादीला लोक लबाड म्हणतात, आरोपीला लोक अत्याचारी म्हणतात, आणि अधिकारी दुसऱ्या फायलीकडे वळतो.

त्याच वर्षीं आणखी दोन गोष्टी घडल्या. फेब्रुवारी २०२३ मध्यें सिॲटल शहरानें जातिभेदाला नांव घेऊन मनाई केली. अमेरिकेंतलें असें तें पहिलें शहर. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानेंहि तसा कायदा मंजूर केला, पण ऑक्टोबरमध्यें राज्यपालांनीं तो परत पाठविला. कारण काय दिलें? चालू कायद्यांतच ही मनाई येते, नव्याची गरज नाहीं! ठीक आहे. पण चालू कायद्यांत ती येते हें कोर्टांत सिद्ध व्हायचें कशावरून? खात्यानें लावलेल्या दाव्यावरूनच ना? नवा कायदा नको, जुना आहे म्हणावयाचें, आणि जुन्याखालचा दावा अर्धा सोडून द्यावयाचा, म्हणजे गरिबानें जावें कोणीकडे?

कोणी म्हणेल, हें एका राज्याचें झालें. तर मध्यवर्ती आयोगाची २०२५ सालची हकीकत ऐका. जानेवारींत नवे राष्ट्राध्यक्ष गादीवर आले आणि त्यांनीं आयोगाच्या दोन सभासदांना मुदतीपूर्वीं काढून टाकलें. त्यामुळें पुढें कित्येक महिने आयोगाची गणपूर्ति होईना. आदल्याच वर्षीं आयोगानें तृतीयपंथी कामगारांच्या वतीनें कांहीं दावे लावले होते. त्यांतला एक इलिनॉय राज्यांतल्या डुकरें पाळणाऱ्या शेतावरच्या कामगाराचा होता. फेब्रुवारींत आयोगच कोर्टापुढें उभा राहिला आणि नव्या राष्ट्राध्यक्षांच्या हुकुमाचा हवाला देऊन म्हणाला, आमचे हे दावे काढून टाका. त्या देशाच्या सर्वोच्च कोर्टानें २०२० सालींच निकाल दिला होता कीं अशा कामगाराला त्या कारणानें काढणें बेकायदा आहे. म्हणजे कायदा तोच, कामगार तोच, पुरावा तोच. बदललें काय? खुर्चीवरचा मनुष्य.

तेवढ्यावर थांबलें नाहीं. दिसायला सारखा पण परिणामानें एकाच वर्गाला बाहेर ठेवणारा नियम, हाहि भेदभावच, असें १९७१ सालीं ड्यूक पॉवर ह्या वीज कंपनीच्या खटल्यांत सर्वोच्च कोर्टानें ठरविलें होतें. कोल्ह्यानें करकोच्याला जेवायला बोलावलें आणि खीर पसरट ताटांत वाढली, ही गोष्ट मुलांना ठाऊक आहे. ताट दोघांना सारखेंच होतें! अशा तऱ्हेच्या नियमांकडे सरकारी खात्यांनीं काणाडोळा करावा असा हुकूम एप्रिल २०२५ मध्यें निघाला, आणि नुसत्या त्याच कारणावर उभ्या असलेल्या फिर्यादी सप्टेंबरअखेर मिटवून टाकावयाचें आयोगानें ठरविलें. एकेक फिर्याद तपासून नव्हे. जात पाहून माणूस बाहेर काढावा तशी जात पाहून फिर्याद बाहेर.

आतां आपल्या घरचें पाहूं. खाजगी नोकरींतल्या सर्व तऱ्हेच्या भेदभावावर दाद देणारा एकच असा कायदा आपल्या देशांत नाहीं. घटनेचें सोळावें कलम सरकारी नोकरीपुरतें आहे. अत्याचार प्रतिबंधाचा १९८९ चा कायदा अनुसूचित जाति-जमातींसाठीं आहे. कुंभाराच्या पोराला तो लागू नाहीं. तरी ह्या एका बाबतींत आपल्याकडे दोन-तीन चांगल्या गोष्टी झाल्या आहेत, त्या पदरांत बांधून ठेवा.

फौजदारी खटला सरकारी वकिलाला कोर्टाच्या संमतीनें मागें घेतां येतो. पूर्वीं हें १९७३ च्या संहितेच्या ३२१ व्या कलमाखालीं होई. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या ३६० व्या कलमांत नवें वाक्य आलें आहे कीं, पीडिताला आपलें म्हणणें मांडण्याची संधि दिल्यावांचून कोर्टानें खटला मागें घेऊं देऊं नये. हेंच तर कुंभारबाबा मागत होते! अत्याचार प्रतिबंधाच्या कायद्यांतहि २०१६ पासून पीडितांना खटल्याच्या तारखा कळविण्याचा व त्यांचें म्हणणें ऐकून घेण्याचा हक्क घातला आहे. आणि कामावर होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यांत असें आहे कीं समेट व्हावयाचा तर बाईनें स्वतः मागितला पाहिजे, आणि तो पैशांवर तोडतां येत नाहीं. ही तक्रार तीन महिन्यांत करावी लागते, हें आयाबहिणींनीं विसरूं नये.

म्हणजे वाट दिसते आहे. ती कामावरच्या सर्वच फिर्यादींपर्यंत न्यावयाची एवढेंच राहिलें आहे. माझें मागणें थोडक्यांत असें आहे. अधिकाऱ्यानें फिर्याद सोडण्यापूर्वीं फिर्यादीला बोलवावें, त्याच्या भाषेंत त्याला समजावून सांगावें आणि तो काय म्हणाला तें त्याच्या सहीनिशीं लिहून ठेवावें. सोडण्याचीं कारणें नांव व तारीख घालून उघड लिहावीं. पुरावा कमी पडला तर तसें म्हणावें, आरोप खोटा निघाला तर तसें म्हणावें, वरून हुकूम आला तर तेंहि लपवूं नये. आणि सरकारनें हात काढला तरी फिर्यादीला स्वतः पुढें जाण्याइतकी मुदत व फुकट वकील मिळावा. ह्यांत आरोपीचेंहि हितच आहे. कारण लिहिलेलें असलें म्हणजे निरपराध्याचा डाग धुतला जातो.

तोंवर आपण स्वस्थ बसावयाचें काय? नाहीं. अन्याय होईल त्याच दिवशीं तारीख, वेळ, ठिकाण, शब्द आणि ऐकणाराचें नांव वहींत लिहा. अर्जाची नक्कल ठेवा, पोंच घ्या. कोऱ्या कागदावर सही करूं नका. साहेब कितीहि गोड बोलला तरी नाहीं. सरकारी कचेरीनें अर्ज बंद केला तर २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याखालीं त्या फायलीचें टिपण मागा. तीस दिवसांत उत्तर द्यावें लागतें. तालुक्याच्या विधि सेवा समितीकडे स्त्रियांना, अनुसूचित जाति-जमातींना, औद्योगिक कामगारांना आणि ठराविक मर्यादेहून कमी उत्पन्न असलेल्यांना फुकट वकील मिळतो. 'शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये' ही म्हण ज्यांच्या हातीं गांवचें सारें होतें त्यांच्या सोयीची आहे. अडाण्यानेंहि चढावी, पण कागद घेऊन चढावी.

कुंभारबाबांच्या मुलाच्या बाबतींत आम्हीं तेंच केलें. ज्या 'समक्ष चर्चे'वर अर्ज बंद झाला तिचें टिपण मागितलें. एका ओळीचें उत्तर आलें: सदर चर्चेचें टिपण उपलब्ध नाहीं. मग आम्ही ओट्यावर बसून नवा अर्ज लिहिला. नोकरी गेली ती गेली. मुलगा आतां दुसरीकडे कामाला आहे. पण बाप म्हणाला, "खरें काय तें ठरूं द्या." अर्ज लिहून झाल्यावर खालीं एक ओळ त्यांनीं माझ्याकडून मुद्दाम लिहून घेतली. ती मीं आतां गांवांतल्या प्रत्येक अर्जाखालीं लिहितों, तुम्हीहि लिहा:

'हा अर्ज मला समक्ष विचारल्यावांचून व माझी सही घेतल्यावांचून बंद करूं नये.'

— एक खेड्यांतला शिक्षक